आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास वहिवाटीच्या रस्त्यापासून

प्रश्न थोडक्यात असा आहे: एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावाकडचा, बारावीपर्यंत मराठी माध्यम, घरी शेती. करार, मालमत्ता, फौजदारी हे पेपर जमले. सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा मात्र डोक्यात शिरत नाही. कलमं नाहीत, पोलीस नाहीत, शिक्षा नाही. नुसत्या व्याख्या आणि लॅटिन शब्द. गाईड दोनदा वाचलं, तरी प्रॉब्लेमचा, म्हणजे प्रसंग देऊन कायदा लावायला सांगणारा, प्रश्न आला की पान कोरं राहतं. याची मूलतत्त्वं कुठून धरायची? आणि याचा पुढे काही उपयोग आहे का?

आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं कुणाच्या तोंडून येतंय ते कळेल. मी मुंबईत अकरा वर्षं जहाजवाहतुकीच्या दाव्यांत वकिली केली आणि गेली सतरा वर्षं हाच पेपर शिकवते आहे. विद्यार्थी असताना याच पेपरात मी काठावर पास झाले होते. तुमच्यासारखंच झालं होतं: पहिल्या प्रकरणातल्या सगळ्या व्याख्या तोंडपाठ, आणि त्यांपैकी एकीचंही पुढे करायचं काय हे माहीत नाही.

तुम्ही म्हणता कलमं नाहीत. कलमं ढिगाने आहेत. समुद्राच्या कायद्याच्या १९८२ च्या एकाच करारात ३२० आहेत. तुम्ही अडताय ते दुसरीकडेच. बाकीच्या पेपरांत कुणी "कशावरून?" असं विचारलं की उत्तर तयार असतं: करार कायदा, कलम १०. तिथे कायदा काय आहे यावर सहसा वाद नसतो, वाद असतो तो काय घडलं यावर. इथे बऱ्याचदा उलटं असतं. काय घडलं ते दोन्ही देशांना मान्य असतं, आणि भांडण असतं ते असा नियम मुळात आहे का, असला तर तो मला लागू आहे का, यावर. म्हणजे "कशावरून?" या एका शब्दाचं उत्तर देण्यातच निम्मा पेपर जातो. गाईड ते उत्तर आयतं देतं, म्हणून ते वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि परीक्षेत हात रिकामे राहतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मोकळेपणाने सांगते. तुमच्या विद्यापीठात प्रॉब्लेमच्या प्रश्नांना किती गुण आहेत, मराठीतून उत्तरं लिहिता येतात का, अंतर्गत गुण कशावर मिळतात, हे बघून वेळेची वाटणी बदलेल. नुसतं पास व्हायचं असेल तर गेल्या पाच-सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि दहा-बारा खटले पुरतात, त्यासाठी माझी गरज नाही. यूपीएससीला कायदा हा वैकल्पिक विषय घ्यायचा असेल, तर पहिल्या पेपरचा मोठा भाग हाच आहे, मग खोलात जावंच लागेल. पुढचं सगळं, तुम्हाला विषय कळावा असं वाटतंय, हे धरून लिहिते.

घरी शेती आहे म्हणालात, तर तिथूनच सुरू करू. वहिवाटीच्या रस्त्याचं भांडण तुम्ही पाहिलं असेलच. मागच्या शेताला रस्ता नाही, पुढच्याच्या बांधावरून बैलगाडी वर्षानुवर्षं जाते. पुढे भावाभावांत बिनसतं आणि एक दिवस बांधावर काटे पडतात. मागचा म्हणतो, आज्यापासूनची वहिवाट आहे. पुढचा म्हणतो, वहिवाट कसली, आम्ही जाऊ देत होतो म्हणून जात होतात. मालमत्तेच्या पेपरात सुविधाधिकार कायदा, १८८२ चं कलम १५ तुम्ही वाचलंय: वीस वर्षं, उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्काने वापर. यातला 'हक्काने' हा शब्द महत्त्वाचा. दरवेळी "दादा, ट्रॅक्टर नेऊ का?" असं विचारून नेला असेल, तर पन्नास वर्षं नेला तरी हक्क तयार होत नाही. विचारणं हीच हक्क नसल्याची कबुली.

आंतरराष्ट्रीय रूढी म्हणजे थोडीफार हीच गोष्ट. देशांचं एकसारखं वागणं हा एक भाग, आणि आपण असं वागायला बांधलेले आहोत या जाणिवेने वागणं हा दुसरा. त्या दुसऱ्या भागाला पुस्तकात 'ओपिनिओ ज्युरिस' म्हणतात. शब्द लॅटिन आहे, गोष्ट बांधावरची आहे. फरक इतकाच की इथे वीस वर्षांसारखी ठरलेली मुदत नाही. उत्तर समुद्राच्या खटल्यात (१९६९) हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की थोड्या काळातही रूढी तयार होऊ शकते, पण मग देशांचं वागणं व्यापक आणि जवळपास एकसारखं असायला हवं. आणि सलामी, शिष्टाचार यांसारख्या गोष्टी देश कितीही नियमाने पाळोत, त्या सौजन्यापोटी पाळतात. त्यातून कायदा होत नाही.

आता हीच वहिवाट दोन देशांमध्ये घाला. पोर्तुगाल विरुद्ध भारत, आंतरराष्ट्रीय न्यायालय, निकाल १२ एप्रिल १९६०. इंग्रजीत हा 'राइट ऑफ पॅसेज' खटला म्हणून ओळखतात. दमण पोर्तुगीजांकडे, आणि तिथून आत, चारही बाजूंनी भारताने वेढलेले दादरा आणि नगर हवेली हे दोन तुकडेही त्यांच्याकडे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथली पोर्तुगीज सत्ता उलथली गेली. त्यात महाराष्ट्रातून गेलेले तरुण होते. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांच्यातलेच. भारताने दमणहून आत जायचा रस्ता पोर्तुगीजांना बंद केला. पोर्तुगाल हेगला गेला आणि म्हणाला, आमचा जाण्यायेण्याचा हक्क आहे.

कशावरून? इथे वही उघडा. पोर्तुगालने एकाच दाव्यात जवळपास सगळे आधार मांडले. तह आहे. तह नसला तर आपल्या दोघांमधली जुनी वहिवाट आहे. ती नसली तर जगभरची रूढी आहे की वेढलेल्या तुकड्याला रस्ता मिळतो. तीही नसली तर सुसंस्कृत राष्ट्रांच्या कायद्यांत सापडणारी सर्वसाधारण तत्त्वं आहेत. आता न्यायालयाच्या संविधीचं, म्हणजे ते ज्या मूळ नियमांवर चालतं त्यांचं, कलम ३८ काढून शेजारी ठेवा: करार, रूढी, सर्वसाधारण तत्त्वं, आणि दुय्यम साधन म्हणून न्यायनिवाडे व विद्वानांची मतं. गाईडमध्ये जे चार मुद्दे पाठ करताना झोप येते, तेच इथे एका वकिलाच्या हातातले फासे आहेत. एक चालला नाही तर दुसरा टाकायचा.

तहाचा भाग तर मराठी माणसाने वाचायलाच हवा. पोर्तुगालने काढलेला तह म्हणजे १७७९ चा पुण्याचा तह, पेशव्यांच्या दरबाराशी झालेला, आणि त्यानंतरच्या १७८३ व १७८५ च्या सनदा. पोर्तुगाल म्हणे, मराठ्यांनी ही गावं आम्हाला सार्वभौमत्वासह दिली, मग तिथे पोहोचण्याचा हक्क त्यात आलाच. हेगच्या न्यायमूर्तींनी तहाचं सतरावं कलम आणि सनदा तपासल्या आणि सांगितलं की मिळालं ते वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाचं सरंजाम किंवा जहागीर. जहागीर आणि सरंजाम हे शब्द निकालात जसेच्या तसे आहेत. सार्वभौमत्व दिल्याची भाषा तहात नाही. गावांत बंड झालं तर ते मोडण्याचा अधिकार पोर्तुगीजांना दिला होता, हे पोर्तुगालने आपल्या बाजूने मांडलं. न्यायालयाने तेच उलटवलं: गाव स्वतःच्या मालकीचं असतं, तर आपल्याच मुलखातलं बंड मोडायला दुसऱ्याची परवानगी कशाला लागली असती? कराराचा अर्थ कसा लावायचा यावर मी एक अख्खा तास बोलते, पण मुलांच्या लक्षात राहतो तो हा एवढाच युक्तिवाद.

तह गेला. मग वहिवाट. मराठ्यांनंतर इंग्रज आले तेव्हा त्यांनी पोर्तुगीजांना तिथे पूर्ण सत्ता गाजवताना पाहिलं आणि ते चालू दिलं. पुढे स्वतंत्र भारतानेही ते न बोलता मानलं. या सव्वाशे वर्षांत सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल विनाअडथळा जात-येत होता. न्यायालय म्हणालं, इथे दोनच देशांपुरती रूढी तयार झाली आहे, आणि दोनच देशांमध्येही रूढी असू शकते. पण फौज, सशस्त्र पोलीस, हत्यारं-दारूगोळा? १८७८ च्या ब्रिटन-पोर्तुगाल करारापासून पुढचे कागद दाखवत होते की त्यासाठी मागणी आणि संमती लागायची. म्हणजे "दादा, ट्रॅक्टर नेऊ का?" हक्क नाही.

शेवटचा आकडा पाहा. माणसं आणि मालाचा हक्क होता, हे ११ विरुद्ध ४ मतांनी. फौजेचा नव्हता, हे ८ विरुद्ध ७. आणि भारताने १९५४ मध्ये रस्ता बंद करून आपलं बंधन मोडलं नाही, कारण सीमेवर तेव्हा तणाव होता आणि जाण्यायेण्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार भारताकडे होता, हे ९ विरुद्ध ६. वर्गात मी विचारते, मग खटला कोण जिंकलं? अर्धा वर्ग भारत म्हणतो, अर्धा पोर्तुगाल. दोघांचीही कारणं बरोबर असतात. गंमत म्हणजे भारताच्या बाजूचे तदर्थ, म्हणजे त्या खटल्यापुरते नेमलेले, न्यायमूर्ती म्हणून तिथे आपले एम. सी. छागला बसले होते आणि त्यांनी भिन्नमत दिलं. भारताच्या वकिलांत मोतीलाल सेटलवाड होते. मुंबई उच्च न्यायालयाची दोन नावं एकाच खटल्यात, एक बाकावर आणि एक समोर. जगभरच्या रूढीचं आणि सर्वसाधारण तत्त्वांचं काय झालं? न्यायालय त्यात गेलंच नाही. दोघांमधली खास वहिवाट सिद्ध झाली की सर्वसाधारण नियमांकडे बघायची गरज उरत नाही, एवढं म्हणून ते पुढे गेलं.

इथवरचं एका वाक्यात सांगायचं तर: नियमाचा आधार शोधणं, तो आधार किती दूरपर्यंत जातो ते पाहणं आणि मग तो मोडला का हे ठरवणं, या तीन पायऱ्या एकाच निकालात नीट दिसतात. हा एक खटला दोन आठवडे चघळला, तर स्रोतांचं अख्खं प्रकरण झालं समजा. दहा खटल्यांची नावं पाठ करण्यापेक्षा हे बरं.

दुसरं मूलतत्त्व म्हणजे कोण. या कायद्यात हक्क आणि बंधनं कुणाची असतात? इथेही एक जोडी मी नेहमी देते, दोन्ही आपल्या ओळखीच्या माणसांची. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मार्सेय बंदरात 'मोरिया' बोटीतून समुद्रात उडी मारली. किनारा गाठला, तिथे फ्रेंच शिपायाने पकडून त्यांना बोटीवरच्या ब्रिटिश पोलिसांच्या ताब्यात दिलं. नंतर फ्रान्सने हरकत घेतली: आमच्या भूमीवरून रीतसर प्रत्यर्पण न करता माणूस नेला, परत द्या. हेगच्या स्थायी लवाद न्यायालयापुढे फ्रान्स विरुद्ध ब्रिटन असं प्रकरण चाललं. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात लवाद म्हणाला, गोष्ट नियमाला धरून झाली नाही खरी, पण ब्रिटनने बळ किंवा फसवणूक वापरली नव्हती, चूक फ्रेंच शिपायाची होती. तेवढ्यावरून ब्रिटनवर कैदी परत करण्याचं बंधन येत नाही. हा निवाडा नीट वाचा आणि त्यात सावरकरांचं स्वतःचं म्हणणं कुठे आहे ते शोधा. सापडणार नाही. वाद होता फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता तो माणूस कायद्याच्या दृष्टीने त्या वादाचा विषय होता, पक्ष नव्हता.

आता १७ जुलै २०१९ चा कुलभूषण जाधव खटल्याचा निकाल घ्या. पक्ष पुन्हा देशच आहेत, भारत आणि पाकिस्तान. हेगच्या न्यायालयात माणूस स्वतः जाऊ शकत नाही हे आजही खरं आहे. पण आता वाणिज्य दूतसंबंधांचा १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, त्याचं कलम ३६ आहे, आणि त्यात अटक झालेल्या परकीय माणसाला त्याचे हक्क, म्हणजे आपल्या देशाच्या वाणिज्य दूताशी संपर्क साधण्याचे, सांगितले गेले पाहिजेत, असं बंधन आहे. २००१ मध्ये जर्मनी विरुद्ध अमेरिका, म्हणजे लाग्रांड खटल्यात, न्यायालयाने हे हक्क माणसाचे स्वतःचेही आहेत असं मानलं होतं. पाकिस्तानने जाधवांना ३ मार्च २०१६ ला पकडलं आणि भारताला कळवलं २५ मार्चला. 'विनाविलंब' म्हणजे हे नव्हे, असं न्यायालय म्हणालं. १५ विरुद्ध १. व्यक्तीचं या कायद्यातलं स्थान यावर तुम्हाला निबंध आला तर १९११ आणि २०१९ समोरासमोर ठेवा. मधल्या १०८ वर्षांत काय बदललं आणि काय मुळीच बदललं नाही, हे लिहिलंत की परीक्षकाला वेगळं काही मिळेल.

जाधव खटल्यातच तिसरं तत्त्व आहे, आणि विद्यार्थी सर्वांत जास्त गुण तिथे घालवतात. ते म्हणजे अधिकारक्षेत्र: या न्यायालयापुढे या देशाला आणता येतं का, आणि कशापुरतं? आपल्या दिवाणी न्यायालयात समन्स निघालं की यावंच लागतं. हेगच्या न्यायालयात देशाची संमती लागते. १० ऑगस्ट १९९९ ला कच्छमध्ये पाकिस्तानी नौदलाचं विमान भारताने पाडलं, तेव्हा पाकिस्तान न्यायालयात गेला. विमान कुणाच्या हद्दीत होतं यावर चर्चाही न होता खटला संपला. न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करणाऱ्या १९७४ च्या घोषणेत भारताने राष्ट्रकुल देशांशी असलेले वाद वगळून ठेवले होते आणि पाकिस्तान राष्ट्रकुलात होता. १४ विरुद्ध २ मतांनी अधिकारक्षेत्र नाही. मग २०१७ मध्ये भारत पाकिस्तानला त्याच न्यायालयात कसा नेऊ शकला? वर्गातल्या हुशार मुलालाही हा प्रश्न अडतो. उत्तर असं: १९६३ च्या कराराला जोडून एक वैकल्पिक प्रोटोकॉल आहे, त्यात या कराराबद्दलचे वाद न्यायालयात जातील अशी संमती दोन्ही देशांनी आधीच दिलेली होती. ही चिंचोळी वाट होती, म्हणून मिळालेला दिलासाही चिंचोळा. निकालाच्या दिवशी फाशी रद्द झाली असं सगळीकडे बोललं जात होतं. न्यायालयाने फाशी रद्द केली नाही, सुटकेचा आदेशही दिला नाही. शिक्षेचा परिणामकारक पुनर्विचार करा आणि तोवर फाशी थांबवा, असं सांगितलं. नागपूरचे हरीश साळवे एक रुपया मानधनावर लढले हे सगळ्यांना पाठ असतं. दावा व्हिएन्ना करारापलीकडे नेता आला नाही हे कुणी लिहीत नाही.

पोर्तुगालचंच पाहा. १४ डिसेंबर १९५५ ला तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ तारखेला न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केल्याची घोषणा दिली, आणि २२ तारखेला भारतावर दावा ठोकला. भारताने सहा प्राथमिक आक्षेप घेतले. पहिले चार १९५७ मध्ये फेटाळले गेले, उरलेले दोन मूळ सुनावणीबरोबर ऐकले आणि १९६० मध्ये तेही गेले. वकील म्हणून मला हे तीन दिवस फार आवडतात.

राहिला तुमचा पोलिसांचा प्रश्न. इंग्रज विधिज्ञ ऑस्टिनने या कायद्याला कायदा मानलं नाही, नैतिकता म्हटलं, हे दोन पानांत लिहायला शिका, परीक्षेत ते येतं. त्याच्या पुढे मात्र विचार करा. मी जहाजांची कामं करत होते तेव्हा न्हावा-शेव्याला लागणारं प्रत्येक परदेशी जहाज कुठल्या तरी देशाच्या झेंड्याखाली यायचं, त्याची प्रमाणपत्रं आंतरराष्ट्रीय करारांप्रमाणे असायची, आणि ती नसली तर अडून राहायचं. तिथे कुणी लाठी घेऊन उभं नसायचं. नियम मोडणाऱ्या जहाजाला पुढच्या बंदरात त्रास होतो, विमा महागतो, आणि उद्या आपलंही जहाज दुसऱ्याच्या बंदरात जाणार असतं. बहुतेक देश बहुतेक वेळा नियम पाळतात ते या परस्परांच्या गरजेपोटी. बंगालच्या उपसागरातल्या सागरी सीमेच्या वादात २०१४ मध्ये लवादाने वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी साधारण १९,४६७ बांगलादेशला दिले, आणि भारताने निवाडा मानला. उलट उदाहरणही लपवू नका: १९८६ मध्ये निकाराग्वाच्या खटल्यात अमेरिका हरली, तिने तो निकाल मानला नाही, आणि सुरक्षा परिषदेत स्वतःचाच नकाराधिकार वापरला. दोन्ही लिहा. एकच बाजू लिहिणारं उत्तर पोरकट दिसतं.

समुद्राचा विषय निघालाच आहे, तर दोन खटले एकापुढे एक वाचा. १९२६ मध्ये 'लोटस' ही फ्रेंच बोट आणि 'बोझ-कुर्त' ही तुर्की बोट खुल्या समुद्रात धडकली, आठ तुर्क मेले, तुर्कस्तानने फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला भरला. आजच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या आधीच्या स्थायी न्यायालयात १९२७ मध्ये सहा-सहा मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ठरलं की तुर्कस्तानला मनाई करणारा नियम फ्रान्स दाखवू शकला नाही. पुढे करारांनी टकरीपुरता हा निकाल उलटवला. १९८२ च्या करारात ते कलम ९७ आहे. मग १५ फेब्रुवारी २०१२: केरळच्या किनाऱ्यापासून साडेवीस सागरी मैलांवर 'एनरिका लेक्सी' या इटालियन जहाजावरच्या नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार मेले. इटलीने कलम ९७ पुढे केलं. २०२० च्या लवाद निवाड्यात म्हटलं की ही टक्कर नव्हती, कलम ९७ लागत नाही. पण नौसैनिक सरकारी काम करत होते म्हणून त्यांना भारतीय फौजदारी न्यायालयापासून संरक्षण आहे, आणि भारताला भरपाई द्या. १० कोटी रुपये जमा झाल्यावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथलं प्रकरण बंद केलं. तुम्हाला यावर राग येऊ शकतो, मलाही आला होता. वर्गात मी आधी राग येऊ देते. मग विचारते, उद्या आपल्या नौदलाचा जवान दुसऱ्या देशाच्या किनाऱ्याजवळ अशा प्रसंगात सापडला तर तुम्ही कुठला नियम मागाल? पाच मिनिटं वर्ग शांत असतो.

आंतरराष्ट्रीय कायदा आणि भारतीय कायदा यांच्या नात्याचं प्रकरण लवकर आवरतं. संविधानाच्या अनुच्छेद ५१ चा खंड (ग) आणि अनुच्छेद २५३, मग मगनभाई पटेल (१९६९), जॉली जॉर्ज वर्गीस (१९८०) आणि विशाखा (१९९७) हे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, एवढं क्रमाने वाचा. करार सही केला म्हणून नागरिकाच्या हक्कांना हात लावता येत नाही, त्यासाठी संसदेचा कायदा लागतो. पण कायद्यात पोकळी असेल तर न्यायालय करारांकडे बघतं. हे जमलं की झालं.

आता लिहिण्याचं. प्रॉब्लेमचा प्रश्न आला की पहिलं वाक्य व्याख्येने सुरू करू नका. समासात पेन्सिलीने चार शब्द लिहा: कोण, कशावरून, कुठे, काय मिळेल. कोणत्या देशाचं कोणाप्रती बंधन. ते कुठल्या करारातून किंवा रूढीतून. कुठल्या न्यायालयापुढे आणि कुठल्या संमतीने. आणि मोडलं तर काय दिलासा. प्रत्येकाला एक परिच्छेद, त्यात एक खटला. करार दिसला की लगेच विचारायचं, दोन्ही देश त्याचे पक्ष आहेत का? करारांच्या कायद्याचा १९६९ चा व्हिएन्ना करार सगळे डोळे मिटून उद्धृत करतात. भारत त्याचा पक्षच नाही. त्यातले अर्थ लावण्याचे नियम रूढी म्हणून लागू होतात, असं लिहिलंत की परीक्षकाला कळतं की मुलगा विचार करतोय. हेगमधल्या संस्थांची सरमिसळ करू नका: आंतरराष्ट्रीय न्यायालयात देश भांडतात, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात माणसांवर खटले चालतात आणि भारत त्याचा सदस्य नाही, तर लवाद न्यायालय हे खरं तर लवाद बसवायची सोय आहे. दरवर्षी तपासायला येणाऱ्या पेपरांत ही गल्लत मी मोजणं सोडून दिलंय.

लॅटिनची भीती अनाठायी आहे. पंचवीसेक शब्द आहेत. प्रत्येकापुढे आपल्या बोलीतलं वाक्य लिहा. 'पाक्टा सुंट सर्वांडा' म्हणजे दिला शब्द पाळायचा. 'युस कोजेन्स' म्हणजे दोघांनी संगनमताने करार केला तरी मोडता न येणारा नियम. दोन देशांनी गुलामांच्या व्यापाराचा करार केला तर तो मुळातच रद्द. उत्तरपत्रिकेत लॅटिन शब्द देवनागरीत लिहा आणि लगेच अर्थ द्या.

इंग्रजी हा खरा अडसर असेल, आणि तो असतो, तर थेट निकालावर उडी मारू नका. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खटल्याचा सारांश मोफत आहे, सहसा थोड्याच पानांचा. आधी सारांश, मग त्याचं मराठीत एक पान स्वतःच्या शब्दांत, आणि त्यानंतर मूळ निकालातले फक्त तेच परिच्छेद. पहिल्या खटल्याला आठवडा जाईल, पाचव्याला एक संध्याकाळ. संयुक्त राष्ट्रांच्या दृकश्राव्य ग्रंथालयातली व्याख्यानंही फुकट आहेत, पण ती नंतर. सुरुवातीला उच्चारांतच दमछाक होते.

उपयोगाचं विचारलंत. केवळ या विषयावर पोट भरणारे वकील भारतात मोजके, हे खरं. पण जहाज, विमा, विमानवाहतूक, गुंतवणुकीचे लवाद, प्रत्यर्पण, निर्वासित, परदेशात अडकलेल्या कामगारांची प्रकरणं, यातलं काही ना काही तालुक्याच्या वकिलाकडेही येतं. आखातात नोकरीला गेलेल्या मुलाला अटक झाल्यावर बाप तुमच्याकडे येईल, तेव्हा कलम ३६ आठवलं तरी पुष्कळ.

या रविवारी १९६० च्या निकालाचा सारांश काढा. दमणच्या गव्हर्नरच्या प्रतिनिधींना आत जाऊ द्यावं, अशी मागणी पोर्तुगालने १९५४ च्या जुलैमध्ये केली होती. ती भारताने नाकारली, त्यावर न्यायालय काय म्हणालं ते शोधा. मग एक पान लिहा: प्रतिनिधींऐवजी औषधं घेतलेले दोन नि:शस्त्र डॉक्टर असते तर? याचं तयार उत्तर निकालात नाही. लिहून झालं की मला दाखवा, आणि गावातल्या कुणाचा वहिवाटीचा दावा तहसीलदारांपुढे चालू असेल तर त्याचे कागदही एकदा वाचून या.